स्मृतिभ्रंश संशोधनातील धर्मादाय निधी

स्मृतिभ्रंश संशोधनातील धर्मादाय निधी म्हणजे स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शियाची) कारणे, निदान आणि शुश्रूषा यांवरील शास्त्रीय संशोधनासाठी लोकांच्या देणग्या, वर्गणी व मृत्युपत्रांद्वारे ठेवलेल्या रकमा यांतून उभा राहणारा आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थांमार्फत वाटला जाणारा पैसा. या निधीची परंपरा युनायटेड किंग्डममध्ये विशेष ठळक असून अल्झायमर्स सोसायटी (स्थापना १९७९), अल्झायमर्स रिसर्च यूके (स्थापना १९९२) आणि वेलकम ट्रस्ट (स्थापना १९३६) या तेथील प्रमुख संस्था होत. सरकार व औषध कंपन्या यांच्या खर्चाशी तुलना करता हा निधी लहान आहे. त्याचे महत्त्व रकमेपेक्षा तो कोठे खर्च होतो यात अधिक आहे: अद्याप सिद्ध न झालेल्या कल्पनेला मिळणारे पहिले अनुदान, मेंदूपेढ्यांसारखी दीर्घकाळ सांभाळावी लागणारी साधने, आणि ज्यांतून कोणालाही नफा होण्याची शक्यता नाही असे शुश्रूषेचे प्रश्न.

पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंश हा एक आजार नसून लक्षणसमूह आहे. स्मरणशक्ती, भाषा, स्थळकाळाचे भान व निर्णयक्षमता यांचा ऱ्हास होत जाऊन दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करता येईनासे होतात, तेव्हा त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, लेवी पिंडांचा विकार आणि मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांना ग्रासणारा फ्रंटोटेम्पोरल विकार ही अन्य प्रमुख कारणे होत. वृद्धांमध्ये यांपैकी एकाहून अधिक विकार एकाच मेंदूत आढळणे ही सामान्य गोष्ट आहे.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथील सभेत एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या असाधारण बदलांचे वर्णन केले. ही स्त्री पन्नाशीत आजारी पडली होती. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. रुग्णाचे वय कमी असल्याने हा मध्यमवयातील दुर्मीळ आजार ठरला आणि वृद्धांचे विस्मरण हा वार्धक्याचाच भाग मानला जाऊ लागला. न्यूकासल येथे गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉम्लिन्सन व मार्टिन रॉथ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांच्या मेंदूतील अमायलॉइड चकत्यांची संख्या आणि त्यांच्या बौद्धिक ऱ्हासाची तीव्रता यांचा संबंध दाखवला, तेव्हा ही समजूत डळमळू लागली. मात्र ‘म्हातारपण’ मानल्या गेलेल्या गोष्टीवर संशोधनासाठी पैसा मागणे त्यानंतरही बराच काळ कठीण होते.

१९७९ मध्ये स्थापन झालेली अल्झायमर्स डिसीझ सोसायटी (पुढे अल्झायमर्स सोसायटी) ही रुग्णांच्या नातेवाइकांच्या पुढाकारातून उभी राहिली. आजाराची माहिती देणे आणि कुटुंबांना आधार देणे हा तिचा मूळ हेतू असून संशोधनाला अनुदान देणे हे काम त्याला जोडून आले. केवळ संशोधनाला वाहिलेली अल्झायमर्स रिसर्च ट्रस्ट ही संस्था १९९२ मध्ये केंब्रिज येथे सुरू झाली. २०११ मध्ये तिने अल्झायमर्स रिसर्च यूके हे नाव घेतले.

संशोधनावरील खर्च आणि आजाराचा भार यांतील तफावत या ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून करवून घेतलेल्या २०१० च्या अहवालात आकड्यांनी मांडली. त्यानुसार युनायटेड किंग्डममध्ये सुमारे ८,२०,००० स्मृतिभ्रंशग्रस्त होते आणि त्यांच्यामुळे देशावर वर्षाला सुमारे २,३०० कोटी पौंडांचा भार पडत होता. शुश्रूषेवर खर्च होणाऱ्या प्रत्येक १० लाख पौंडांमागे कर्करोगाच्या संशोधनावर १,२९,२६९ पौंड, हृदयविकाराच्या संशोधनावर ७३,१५३ पौंड, तर स्मृतिभ्रंशाच्या संशोधनावर अवघे ४,८८२ पौंड खर्च होत होते. या आकड्यांचा उल्लेख पुढे अनेक वर्षे होत राहिला.

त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये, लोकप्रिय कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमरचा एक विरळ प्रकार (मेंदूच्या मागील भागाचा ऱ्हास) झाल्याचे जाहीर केले होते. २००८ मध्ये त्यांनी या ट्रस्टला १० लाख अमेरिकी डॉलरची देणगी दिली. देणगीइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम त्यांच्या उघड बोलण्याचा झाला. तोवर हा आजार कुटुंबाने झाकून ठेवण्याचा विषय होता; एक लेखक आपल्या शब्दांवरील पकड सुटत चालल्याचे स्वतः सांगतो, हे ब्रिटिश वाचकांना नवे होते. प्रॅचेट यांचे मार्च २०१५ मध्ये निधन झाले.

डिसेंबर २०१३ मध्ये लंडन येथे जी-८ राष्ट्रांची स्मृतिभ्रंशविषयक परिषद झाली आणि त्यानंतर ब्रिटिश सरकारचा सहभाग वाढला. २०१७ मध्ये कार्यान्वित झालेल्या यूके डिमेन्शिया रिसर्च इन्स्टिट्यूटसाठी मोठा वाटा सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलने उचलला, तर अल्झायमर्स सोसायटी व अल्झायमर्स रिसर्च यूके यांनी प्रत्येकी ५ कोटी पौंड देण्याचे मान्य केले.

निधीची उभारणी व वाटप

निधीचे स्रोत विविध आहेत: मृत्युपत्रातील देणग्या, मासिक वर्गण्या, मॅरेथॉन धावणाऱ्यांनी परिचितांकडून गोळा केलेले पैसे, दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ दिलेल्या रकमा, सोडतींच्या उत्पन्नाचा वाटा, तसेच न्यास व उद्योगांच्या देणग्या. अल्झायमर्स सोसायटीच्या उत्पन्नात मृत्युपत्रांचा वाटा लक्षणीय असतो. अशा उत्पन्नाचा आगाऊ अंदाज बांधता येत नाही. संशोधनाचे अनुदान मात्र तीन ते पाच वर्षांसाठी बांधून द्यावे लागते. या विसंगतीमुळे संस्थांना गंगाजळी राखून ठेवावी लागते, आणि ‘लोकांनी दिलेला पैसा पडून का’ या प्रश्नाला वेळोवेळी उत्तर द्यावे लागते.

अनुदानासाठी आलेल्या प्रस्तावांचे परीक्षण त्याच विषयातील स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घेणे ही असोसिएशन ऑफ मेडिकल रिसर्च चॅरिटीज या संघटनेच्या सदस्यत्वाची अट आहे. धर्मादाय संस्था सामान्यतः संशोधकांचे वेतन, उपकरणे व रसायने यांचा प्रत्यक्ष खर्च देतात. इमारत, वीज, प्रशासन असा विद्यापीठाचा अप्रत्यक्ष खर्च त्या सहसा देत नाहीत. इंग्लंडमध्ये त्याचा काही भाग सरकारी निधीतून भागवला जातो. म्हणजे ज्याला धर्मादाय संशोधन म्हटले जाते, त्याच्या पायाशी करदात्याचाही पैसा असतो.

अल्झायमर्स सोसायटीने १९९९ पासून प्रस्तावांच्या निवडीत एक वेगळी रीत रुजवली. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा पूर्वी काळजी घेतलेले लोक यांचे एक स्वयंसेवी जाळे संस्थेने उभारले. (अशा काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीतील काही आधारगटांत ‘शुभंकर’ हा शब्द वापरला जातो.) हे स्वयंसेवक सोप्या भाषेतील गोषवारा वाचून प्रस्तावांना गुण देतात, अंतिम निवड करणाऱ्या मंडळावर तज्ज्ञांच्या बरोबरीने बसतात आणि अनुदान मिळालेल्या प्रकल्पांना भेटी देऊन प्रगतीची विचारपूस करतात. संशोधन तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे की नाही हे तज्ज्ञ पाहतात. त्याचे उत्तर मिळाल्याने घरात काय बदलेल, हे विचारण्याचे काम या मंडळींचे असते.

कोणत्या प्रश्नांवर संशोधन व्हावे हे ठरवण्यासाठीही लोकांना विचारण्यात आले. जेम्स लिंड अलायन्सच्या पद्धतीनुसार सोसायटीने राबवलेल्या आणि २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या उपक्रमात दीड हजारांहून अधिक जणांनी प्रश्नावल्या भरून दिल्या. त्यांतून चाळणी करून काढलेल्या दहा अग्रक्रमांत रुग्णाला घरीच जास्त काळ स्वतंत्रपणे राहता यावे यासाठी काय करावे, शुश्रूषागृहांतील व रुग्णालयांतील काळजी कशी सुधारावी, असे प्रश्न ठळकपणे आले. प्रयोगशाळेतील संशोधनाकडे झुकलेल्या निधीवाटपाशी या यादीचा मेळ पूर्णपणे बसत नव्हता.

कारणांचा शोध

या निधीच्या इतिहासात सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण १९९१ चे आहे. १९८० च्या दशकात लंडनमधील सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन हार्डी यांचा गट आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांच्या शोधात होता. ते आवाहन वाचून नॉटिंगहॅमच्या कॅरल जेनिंग्ज यांनी संशोधकांना पत्र लिहिले. त्यांचे वडील आणि वडिलांच्या भावंडांपैकी अनेक जण पन्नाशीच्या सुमारास या आजाराने ग्रासले गेले होते. हार्डी यांच्या या काळातील कामाला अल्झायमर्स सोसायटीचे अनुदान होते.

कुटुंबातील आजारी व निरोगी व्यक्तींच्या रक्तनमुन्यांची तुलना करून शोध २१ व्या गुणसूत्रावर केंद्रित झाला. या निवडीला आधार होता. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये या गुणसूत्राची तिसरी प्रत असते आणि त्यांच्या मेंदूत तुलनेने कमी वयातच अल्झायमरसारख्या चकत्या दिसतात, हे माहीत होते. १९९१ मध्ये अ‍ॅलिसन गोट, हार्डी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला: अमायलॉइडचे मूळ प्रथिन तयार करणाऱ्या एपीपी जनुकात एक बदल असून त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतील ७१७ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल येते. अल्झायमरचे थेट कारण ठरणारे हे पहिले ज्ञात जनुकीय उत्परिवर्तन होय.

यातून हार्डी आणि जेरल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेला अमायलॉइड सिद्धान्त पुढे आला. मेंदूत अमायलॉइड साचणे ही पहिली पायरी असून टाऊ प्रथिनाच्या गाठी, चेतापेशींचा नाश व स्मृतिभ्रंश हे त्याचे परिणाम आहेत, असे तो सांगतो. अशा उत्परिवर्तनांमुळे होणारे रुग्ण एकूण रुग्णांच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. तरीही त्यांच्यावरून काढलेल्या या सिद्धान्ताने तीन दशके औषध संशोधनाची दिशा ठरवली, आणि त्या काळात एकामागून एक चाचण्या अपयशी ठरल्याने त्याच्यावर कठोर टीकाही झाली.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेकॅनेमॅब या प्रतिपिंड औषधाच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग प्लॅसिबोच्या (औषधी गुण नसलेल्या द्रवाच्या) तुलनेत २७ टक्क्यांनी मंदावल्याचे आढळले. काही रुग्णांत मेंदूला सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हे दुष्परिणामही दिसले. ब्रिटिश औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये या औषधाला मान्यता दिली. मात्र सार्वजनिक आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने त्याच दिवशी प्रसृत केलेल्या मसुद्यात, खर्चाच्या मानाने लाभ फारच थोडा असल्याचे सांगून त्याची शिफारस नाकारली. पत्रापासून औषधापर्यंतचा हा प्रवास सुमारे ३५ वर्षांचा आहे. कॅरल जेनिंग्ज यांना पुढे स्वतःलाही हा आजार जडला आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

उतारवयात होणाऱ्या सामान्य अल्झायमरच्या जनुकीय अभ्यासालाही या निधीचा हातभार लागला. कार्डिफच्या ज्युली विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालील २००९ च्या अभ्यासाला वेलकम ट्रस्ट व अल्झायमर्स रिसर्च ट्रस्ट यांचे साहाय्य होते. त्यातून सीएलयू व पीआयसीएएलएम या जनुकांचा आजाराच्या जोखमीशी असलेला संबंध समोर आला. २०१३ मध्ये टीआरईएम-२ या जनुकातील बदलांची भर पडली. हे जनुक मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींशी (मायक्रोग्लियाशी) निगडित असल्याने अमायलॉइडपलीकडे पाहणाऱ्या संशोधनाला बळ मिळाले.

मेंदूपेढ्या

जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तपासणे सहसा शक्य नसल्याने मृत्यूनंतर दान केलेले मेंदू हे या संशोधनाचे मूलभूत साधन आहे. २००७ मध्ये अल्झायमर्स सोसायटी व अल्झायमर्स रिसर्च ट्रस्ट यांनी संयुक्त खर्चाने ‘ब्रेन्स फॉर डिमेन्शिया रिसर्च’ हे जाळे सुरू केले. त्यात ब्रिस्टल, कार्डिफ, लंडनमधील किंग्ज कॉलेज, मँचेस्टर, न्यूकासल आणि ऑक्सफर्ड ही केंद्रे सहभागी झाली.

या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे, की नोंदणी केलेल्या दात्यांच्या स्मृतीची व वर्तनाची तपासणी त्यांच्या हयातीतच ठरावीक काळाने केली जाते. त्यामुळे मृत्यूनंतर मेंदूत दिसलेला बदल आणि जिवंतपणी त्या व्यक्तीत दिसलेली लक्षणे यांची सांगड घालता येते. ज्यांना स्मृतिभ्रंश नाही अशा दात्यांचीही तेवढीच गरज असते, कारण तुलनेसाठी निरोगी मेंदू नसतील तर रोगट मेंदूतील बदलांचा अर्थ लागत नाही. काही दात्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या सर्व खुणा आढळतात, पण जिवंतपणी त्यांना विस्मरणाचा विशेष त्रास नव्हता. हे कोडे अशाच नोंदींमुळे ठळक झाले. मेंदूपेढी चालवणे हे खर्चिक व कंटाळवाणे काम आहे. त्यातून ठरावीक मुदतीत शोधनिबंध निघत नाही, म्हणून नेहमीच्या अनुदान पद्धतीत ते नीट बसतही नाही.

निदान

अल्झायमरच्या निदानाची खात्री पटवणाऱ्या दोन तपासण्या आहेत: मेंदूचे पेट स्कॅन आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची चाचणी. अमायलॉइड दाखवणाऱ्या पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरबेटापिर हे द्रव्य अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले. त्याच्या प्रारंभीच्या विकासाला लॉडर कुटुंबाने १९९८ मध्ये स्थापन केलेल्या अल्झायमर्स ड्रग डिस्कव्हरी फाउंडेशनने पैसा पुरवला होता. पण या दोन्ही तपासण्या महाग किंवा त्रासदायक असून युनायटेड किंग्डममध्ये त्या केवळ २ टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या वाट्याला येतात. इतरांचे निदान स्मृतीच्या चाचण्या, साधे स्कॅन आणि डॉक्टरांचा अनुभव यांवर होते, आणि इंग्लंडमधील सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे निदानच झालेले नसते.

रक्ताच्या साध्या चाचणीने हे चित्र बदलेल का, हे तपासण्यासाठी २०२३ मध्ये दोन्ही ब्रिटिश संस्था आणि सरकारी संशोधनसंस्था एनआयएचआर यांनी ‘ब्लड बायोमार्कर चॅलेंज’ सुरू केले. त्यासाठी पीपल्स पोस्टकोड लॉटरीच्या सोडतीतून ५० लाख पौंड मिळाले. यातील ‘अ‍ॅडाप्ट’ हा प्रकल्प युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जोनाथन शॉट यांच्या नेतृत्वाखाली पी-टाऊ २१७ या एकाच प्रथिनावर लक्ष केंद्रित करतो, तर ऑक्सफर्डचा ‘रीड-आउट’ व्हेनेसा रेमॉंट यांच्या नेतृत्वाखाली अनेक प्रथिनांची आणि स्मृतिभ्रंशाच्या अनेक प्रकारांची पाहणी करतो. प्रयोगशाळेत चाचणी अचूक ठरते हे आधीच्या अभ्यासांतून दिसले आहे. सामान्य स्मृतिचिकित्सालयात, अनेक आजार असलेल्या वृद्धांमध्ये ती उपयोगी पडते का आणि निकाल हाती आल्याने उपचारांत फरक पडतो का, हा या प्रकल्पांचा प्रश्न आहे.

शुश्रूषेवरील संशोधन

शुश्रूषागृहात राहणारे स्मृतिभ्रंशग्रस्त कधी ओरडतात, रात्री येरझाऱ्या घालतात, आंघोळ घालणाऱ्याला मारतात. यामागे वेदना, भीती, कंटाळा किंवा न समजलेली सूचना असू शकते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा रुग्णांना शांत करण्यासाठी अँटिसायकॉटिक औषधे सर्रास दिली जात. ही औषधे मूलतः स्किझोफ्रेनियासारख्या विकारांसाठी होती. ती जुनी व स्वस्त असल्याने ती थांबवल्यास काय होते, याच्या अभ्यासावर पैसा खर्च करण्यात कोणत्याही उत्पादकाला स्वारस्य असणे शक्य नव्हते. धर्मादाय निधीचे सर्वांत निःसंदिग्ध यश नेमके याच ठिकाणी दिसते.

अल्झायमर्स सोसायटीच्या अनुदानातून झालेली आणि २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी १२ शुश्रूषागृहांत घेण्यात आली. निम्म्या गृहांतील कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण व आधार देण्यात आला: रुग्णाचे पूर्वायुष्य जाणून घेणे, अस्वस्थतेचे कारण शोधणे, त्याला रुचेल असा विरंगुळा देणे. वर्षाअखेरीस या गृहांतील २३ टक्के रहिवाशांना ही औषधे चालू होती; प्रशिक्षण न मिळालेल्या गृहांत हे प्रमाण ४२.१ टक्के होते. औषधे कमी झाल्याने रुग्णांची अस्वस्थता वाढल्याचे आढळले नाही.

दुसरी चाचणी क्लाइव्ह बॅलर्ड यांच्या नेतृत्वाखाली, अल्झायमर्स रिसर्च ट्रस्टच्या पैशातून झाली. आधीपासून अँटिसायकॉटिक घेत असलेल्या १६५ रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध चालू ठेवले आणि निम्म्यांना प्लॅसिबो दिला. २००९ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी औषध चालू असलेल्या गटातील ४६ टक्के, तर औषध बंद केलेल्या गटातील ७१ टक्के रुग्ण जिवंत होते.

त्याच वर्षी प्रा. सुबे बॅनर्जी यांनी इंग्लंडच्या आरोग्य विभागासाठी अहवाल तयार केला. वर्षाला सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंशग्रस्तांना ही औषधे दिली जातात, त्यांपैकी फार तर ३६,००० जणांना त्यांचा काही उपयोग होतो आणि दरवर्षी सुमारे १,८०० अतिरिक्त मृत्यू ओढवतात, असा त्यांचा अंदाज होता. सरकारने वापर कमी करण्याचे धोरण स्वीकारले. इंग्लंडमधील सुमारे निम्म्या दवाखान्यांच्या नोंदींवर आधारित २०१२ च्या पाहणीत, ही औषधे दिल्या जाणाऱ्या स्मृतिभ्रंशग्रस्तांचे प्रमाण २००६ मधील १७.०५ टक्क्यांवरून २०११ मध्ये ६.८० टक्क्यांवर आल्याचे दिसले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत, भेटीगाठी बंद होऊन कर्मचारी अपुरे पडले, तेव्हा हे प्रमाण पुन्हा वाढले.

मर्यादा व टीका

संस्थांच्या नावांतच ‘अल्झायमर’ असल्याने इतर प्रकारच्या स्मृतिभ्रंशांकडे दुर्लक्ष होते, हा जुना आक्षेप आहे. दोन्ही ब्रिटिश संस्था आपले कार्य सर्व प्रकारांसाठी असल्याचे सांगतात. ‘इलाज सापडेल’ या आश्वासनावर देणगी मिळवणे सोपे जाते, तर आज आजारी असलेल्यांची काळजी सुधारण्यासाठी मिळवणे अवघड, हा दुसरा आणि अधिक खोल आक्षेप होय.

औषध कंपन्यांशी असलेल्या आर्थिक संबंधांवरून अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशन वादात सापडली. अ‍ॅड्युकॅनुमॅब या औषधाला मान्यता मिळावी म्हणून तिने प्रचार केला होता आणि उत्पादक बायोजेन कंपनीकडून तिला देणग्याही मिळत होत्या. सल्लागार समितीचा कौल विरोधात असूनही अमेरिकी नियामकाने जून २०२१ मध्ये औषधाला मान्यता दिली. कंपनीने वर्षाला ५६,००० डॉलर अशी किंमत जाहीर केल्यावर असोसिएशननेच तिच्यावर टीका केली. बायोजेनने २०२४ मध्ये हे औषध सोडून दिले.

भारत व गोवा

१९९८ मध्ये कोची येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीतून ‘१०/६६ डिमेन्शिया रिसर्च ग्रुप’ हा संशोधकांचा गट निर्माण झाला. जगातील सुमारे ६६ टक्के स्मृतिभ्रंशग्रस्त विकसनशील देशांत राहत असूनही तेथील लोकसंख्येवर आधारित संशोधन १० टक्क्यांहूनही कमी होते, यावरून हे नाव पडले. लंडनचे मार्टिन प्रिन्स यांनी त्याचे समन्वयन केले. वेलकम ट्रस्ट व अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशन हे त्याच्या लोकसंख्या पाहणीचे प्रमुख आर्थिक आधार होते. जागतिक आरोग्य संघटनेचेही साहाय्य मिळाले.

गटापुढील पहिला प्रश्न निदानाचा होता. वाक्य लिहा, आकृती उतरवा, आजची तारीख सांगा, अशा पाश्चात्त्य चाचण्यांत शाळेत न गेलेली निरोगी व्यक्तीही नापास होते. उलट ज्या समाजात ‘साठी बुद्धी नाठी’ असे गृहीतच धरले जाते आणि घरातील वृद्धांकडून व्यवहाराची अपेक्षा केली जात नाही, तेथे खरा आजार कुटुंबाच्या नजरेतून सुटतो. म्हणून गटाने वृद्धाची मुलाखत, स्मरणाची तोंडी चाचणी आणि निकटच्या नातेवाइकाने दिलेली माहिती यांचा मेळ घालणारी पद्धत विकसित केली. २५ केंद्रांतील २,८८५ वृद्धांवर ती पारखून २००३ मध्ये प्रसिद्ध करण्यात आली. २००८ मध्ये सात देशांतील सुमारे १५,००० वृद्धांच्या पाहणीत, ज्यात भारतातील चेन्नई व वेल्लूर परिसराचा समावेश होता, जुन्या निकषांनुसार ग्रामीण भारतातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे ०.३ टक्के भरले. नव्या पद्धतीनुसार मात्र कोणत्याही केंद्रात ते ५.६ टक्क्यांहून कमी नव्हते.

याच गटाशी निगडित एक चाचणी गोव्यात झाली. सांगाथ ही स्वयंसेवी संस्था, डॉ. अमित डायस आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या सहभागातून घेतलेल्या या चाचणीत सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींची ८१ कुटुंबे होती. कोंकणी बोलणाऱ्या, शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार म्हणून नेमण्यात आले. ते किमान पंधरवड्यातून एकदा, सहा महिने, घरी जात. आजार समजावून सांगत, रात्रीची जागरणे व चिडचिड कशी हाताळावी ते सुचवत आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाची गाठ घालून देत. उरलेल्या कुटुंबांना प्रतीक्षा यादीत ठेवून सहा महिन्यांनी तीच सेवा देण्याचे ठरले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेवा मिळालेल्या घरांतील काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णांच्या स्वतःच्या लक्षणांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.